काल रात्रीपासून

१८ जुलै, गुरुवार. भद्रावती

विहारातून निरोप आला. रविवारी आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासाचं ग्रंथवाचन रामाजी निमगडे करतील, म्हणजे मी. अकरा वर्षं हे काम झाडूजी अलोणेंकडे होतं. त्यांची कवळी सैल असल्यामुळे धम्मातले निम्मे शब्द सभागृहात पोचतच नव्हते. आता त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून समितीला माझी आठवण झाली. हरकत नाही. तीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून मी बसस्थानकाच्या भोंग्यावरून ओरडलो, तेव्हाही कोणी ऐकत नव्हतं.

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मनकर्णा स्वयंपाकघरातून येऊन खुर्चीत बसली. म्हणाली, "छातीवर कोनं पाटा ठेवल्यावानी वाटून राह्यलं." घाम आला होता. जुलैमध्ये घाम येतोच. काल शेजारच्या सुलतानाबाईंनी कोथिंबीर भरून तळलेल्या सांबारवड्या पाठवल्या होत्या, त्यातल्या हिनं तीन खाल्ल्या. मी गॅसेस असं निदान केलं आणि ओवा-काळं मीठ दिलं. अर्ध्या तासात म्हणाली, "बरं वाटते." यासाठी डॉक्टर लोक सहा-सहा वर्षं शिकतात.

दुपारी जेवली नाही. पोट रिकामं ठेवलं, चांगलंच केलं.

१९ जुलै, शुक्रवार

आज डावा हात दुखतो म्हणे. परवा सिलिंडर हिनंच सरकवला होता, आणखी काय होणार. बाम दिला.

संध्याकाळी वाचनाचा सराव केला. श्रोता एकच, मनकर्णा. तीही पहिल्या पानालाच खुर्चीत बसल्याबसल्या झोपली. आडवी झाली की दम लागतो, म्हणून खुर्चीतच झोपते म्हणे. वाचणाऱ्याचा उत्साह वाढवण्याची ही रीत नाही.

मी म्हटलं, "दवाखान्यात जायचं का?"

"आयतवार होऊन जाऊ द्या."

मी फार आग्रह केला नाही. एकसष्ट वर्षांच्या बाईला स्वतःचं समजतं.

२१ जुलै, रविवार

वाचन उत्तम झालं. ऐंशी लोक होते. झाडूजी पहिल्या रांगेत काळा चष्मा लावून बसले होते आणि तोंडावर नाराजी स्पष्ट दिसत होती. मला वाचनाइतकाच त्याचाही आनंद झाला.

खीर मनकर्णानं केली. गंज, म्हणजे खिरीचं पातेलं, एवढा मोठा, की बायका म्हणत होत्या, बाई, आम्ही ढवळतो. ही ऐकेल तर ना. रिना असती तर तिनं केलं असतं, पण आमची मुलगी भामरागडच्या आश्रमशाळेत शिकवते आणि चार दिवसांपासून तिथे नदी पुलावर बसली आहे. ना गाडी, ना फोन. सरकारने मुलांना शिकवायला अशी जागा निवडली आहे, जिथे पावसाळ्यात शिक्षकाला सुट्टी नाकारायचीही गरज पडत नाही.

मी वाचत होतो तेव्हा मनकर्णा भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली होती. चेहरा अगदी वेगळाच दिसत होता. भावलं असावं.

२२ जुलै, सोमवार. चंद्रपूर

सकाळी सहा चाळीसला बाबूभाई आमच्या दारात. सुलतानाबाईंचा नवरा. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. डबा परत न्यायला आला होता. मनकर्णा खुर्चीत पुढे वाकून श्वास ओढत होती. मी लिंबूपाणी करत होतो.

"रामाजीभाऊ, भाभीचे ओठ पाह्यले का तुमी?"

"गॅस झाला आहे."

"गॅस नाई भाऊ हा. निळे पडून राह्यले ओठ. मी गाडी काढतो, तुमी फक्त चपला घाला."

दहावी नापास माणसानं निदान केलं आणि मी चपला घातल्या. शाळेची तेरा मुलं आज पायी गेली असतील.

चंद्रपूरच्या दवाखान्यात एक पोरगेला डॉक्टर. पट्ट्या लावल्या, कागद निघाला, कागद पाहून त्यानं कपाळाला हात लावला. मला विचारलं, "काका, छातीत दुखणं कधीपासून?"

मी म्हणालो, "काल रात्रीपासून."

असं का म्हणालो, माहीत नाही. बाबूभाई बाजूलाच उभा होता. तोंडातून निघालं.

मग त्यानं मनकर्णाच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं, तोही तसाच वाकला. सोनोग्राफीसारखं यंत्र आणलं. पडद्यावर हृदय हलत होतं आणि मधल्या भिंतीतून रंगांचा फवारा इकडून तिकडे जात होता. मला वाटलं, यंत्रच बिघडलं आहे. बिघडलेलं दुसरंच काही होतं.

डॉक्टरनं कागदाच्या मागे चार खोल्यांचं घर काढून दाखवलं. हार्ट अटॅक येऊन गेला. त्यात खालच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीचा तुकडा मेला, मऊ पडला आणि फाटला. शुद्ध रक्त अंगाला जायचं सोडून भोकातून परत फुप्फुसाकडे जातं. म्हणून दम. ऑपरेशन करून भोक बुजवावं लागेल, नागपूरला.

"पण हे एका रात्रीत झाल्यासारखं वाटत नाही, काका."

मी म्हणालो, "आम्हाला काय समजते. शिकलेले तुम्ही."

२३ जुलै, मंगळवार. नागपूर

मनकर्णाच्या जांघेतून एक नळी वर नेली आहे. तिच्या टोकाला फुगा. प्रत्येक ठोक्याला तो फुगतो आणि बसतो, आणि हृदयाचं ओझं थोडं कमी करतो. पलंगाजवळ ठक-ठक आवाज चालूच. अडतीस वर्षांत तिच्या हृदयाचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकतो आहे, आणि तोही यंत्राचा निघाला.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर म्हणजे डॉ. नंदिनी गेडाम. धानोऱ्याकडच्या. पाच फूटसुद्धा उंची नसेल. मी आधी त्यांनाच म्हटलं, "सिस्टर, मोठे डॉक्टर कधी येतील?" त्या म्हणाल्या, "याच्यापेक्षा मोठी व्हायची माझी आशा आता मी सोडली." बोलायला बरी आहे बाई.

त्यांनीही तेच विचारलं. मी सांगितलं, रविवारी रात्री आठ. एकदा सांगितलेलं बदललं तर माणूस खोटा ठरतो.

त्यांनी कागद चाळले. "ईसीजी वेगळं सांगून राह्यला."

"मशीन चुकत असेल."

"चुकते कधीकधी." माझ्याकडे थोडं जास्तच पाहिलं. मग समजावलं. मेलेलं मांस पहिले काही दिवस ओल्या मातीसारखं असतं, टाका धरत नाही. आठवडाभरात कडा जरा घट्ट व्हायला लागतात. "रविवारी झालं असेल तर आज दुसरा दिवस. आज हात लावला तर टाके कापून निघतील. फुग्याच्या भरवशावर जेवढं थांबता येईल तेवढं थांबू."

थांबायचं तर थांबायचं. गाडी उशिरा येणार असेल तर प्रवाशाला थांबा म्हणण्यात माझी हयात गेली.

२४ जुलै, बुधवार

लघवी कमी झाली. किडनीला रक्त पुरत नाही म्हणतात. काल पायाला सूज नव्हती, आज बोट दाबलं की खड्डा राहतो.

दुपारी रिनाचा फोन. शाळेमागच्या टेकडीवर चढली तेव्हा रेंज मिळाली.

"बाबा, आईचा फोन काऊन लागत नाई?"

"थोडं बरं नाही तिला. नागपूरला दाखवायला आणलं."

"नागपूरले? भद्रावती सोडून, चंद्रपूर सोडून नागपूरले?"

"तपासण्या आहेत किरकोळ."

मागे पाण्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "मी निघून राह्यली." मी म्हटलं, रस्ता बंद आहे, वेडेपणा करू नको. फोन कटला होता. बाईमाणसं ऐकत नाहीत हे मी नेहमी म्हणतो. यांना शिकवून आणखी वाईट केलं.

२५ जुलै, गुरुवार

सकाळी डॉ. गेडाम म्हणाल्या, "फार दिवस थांबता येणार नाई, निमगडेभाऊ. किडनी चालली. पण चौथ्याच दिवशी उघडलं, तर भिंतच हातात येईल. अडचण अशी आहे." हे मला सांगून त्यांना काय मिळालं कोण जाणे. मी काय, हो म्हटलं.

अकरा वाजता पाच मिनिटांसाठी आत सोडलं. मनकर्णाच्या तोंडावर मास्क होता. तो जरासा उचलून बोलली.

"डाक्टरीण बाई मले इचारत होती, कवापासून दुखते."

"मग?"

"मी म्हटलं, मले नाई आठवत बाई. माह्या मालकाले इचारा. ते रोजचं रोज लिवून ठेवतात. घड्याळ पाहून लिवतात."

मास्क खाली केला. डोळे मिटले.

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. ही बाई माझी वही कधी वाचत नाही. वाचायची गरज पडली नसावी. बाकावर बाबूभाई होता. तो सोमवारी रुग्णवाहिकेच्या मागेमागे व्हॅन घेऊन आला तो परत गेलाच नाही. कोणी सांगितलं नव्हतं. मला म्हणाला, "चहा घेता, भाऊ?" मी विचारलं, "तुला किती दिवस झाले हे माहीत होतं?" तो म्हणाला, "सुलताना गुरुवारी रात्री बोलली होती, भाभीचं तोंड उतरलं म्हणून. मले वाटलं, तुमी घरात आहा, तुमाले तं दिसतच असंल."

बरोबरच बोलला. दिसतच होतं.

बारा वाजून वीस मिनिटांनी मी वही घेऊन डॉ. गेडाम यांच्या खोलीत गेलो. गुरुवारचं पान उघडून टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं. ओवा वाचला. सांबारवडी वाचली. "यासाठी डॉक्टर लोक सहा-सहा वर्षं शिकतात" हेही वाचलं, कारण तिथे त्या थांबल्या. मग शुक्रवार. मग रविवार. मी खिडकीबाहेर पाहत होतो. माणसानं दैनंदिनी लिहिताना दुसऱ्याला वाचायला लागली तर काय, याचा विचार करावा. मी केला नव्हता.

"अकरा वाजून दहा मिनिटं," त्या म्हणाल्या. "इतकी पक्की वेळ मले आजपर्यंत कोनी देली नाई."

मला वाटलं टोमणा आहे. वर पाहिलं तर त्या पानाचा फोटो काढत होत्या.

"म्हणजे आजचा सातवा दिवस. ईसीजीशी जुळते. उद्या सकाळी घेतो."

"वाचेल?"

"दहातले सहा वाचतात. किडनी आणखी दोन दिवस अशीच राह्यली असती तर मी आकडा सांगितलाच नसता."

मी सही केली. माझी सही तीस वर्षं सारखी आहे. आजची वेगळी आली. नर्स म्हणाली, पुन्हा करा. पुन्हा केली, तीही वेगळीच आली. मग म्हणाली, चालते.

२६ जुलै, शुक्रवार

आठ पाचला आत नेलं. जाताना म्हणाली, "जेवून घ्या." बस. माणसं मोठ्या प्रसंगी मोठं बोलतात असा माझा समज होता.

बाबूभाईनं रक्त दिलं. त्याचा गट जुळला नाही, पण बदल्यात दुसऱ्या बाटलीला चालतं म्हणाले. माझं त्यांनी घेतलंच नाही, वय झालं म्हणून. या घराच्या कामाला मी तेवढ्यापुरताही आलो नाही.

मी जेवलो नाही. मग ती विचारेल म्हणून दोनच्या सुमाराला जेवलो.

तीन पंचवीसला डॉ. गेडाम आल्या. टोपीचा पट्टा कपाळावर उमटला होता. भोक एक रुपयाच्या नाण्याएवढं होतं. आजूबाजूची मेलेली किनार सोडून दूरच्या चांगल्या मांसात टाके घेऊन ठिगळ लावलं. हृदयाच्या बंद पडलेल्या रक्तवाहिनीलाही बाजूनं वाट करून दिली. कडा कशा होत्या, मी विचारलं.

"धरल्या," त्या म्हणाल्या. "जेमतेम धरल्या."

मी हात जोडले. त्यांनी माझे हात खाली केले आणि म्हणाल्या, "अजून तीन दिवस काही बोलू नका."

तीन दिवस काही न बोलणं मला जमत नाही असं लोक म्हणतात. लोकांना काय माहीत.

२७ जुलै, शनिवार

डोळे उघडले. नळी तोंडात असल्यामुळे बोलता येत नाही. माझ्याकडे पाहिलं आणि हाताने जेवणाची खूण केली. मी मान हलवली.

२९ जुलै, सोमवार

रिना आली. शाळेतल्या लालसू नावाच्या शिपायानं तिला डोंग्यातून नदी पार करून दिली. मग ट्रॅक्टर, मग चिखलातून चालत, मग आलापल्लीहून बस. गुडघ्यापर्यंत माती वाळलेली. आधी आईला पाहून आली. मग माझ्याजवळ बसली.

"आई कवापासून म्हणत होती?"

आता सवय झाली होती. मी म्हटलं, "गुरुवारपासून."

तिनं बोटांवर मोजलं. सोमवारपर्यंत मोजलं. बोटं मिटून घेतली आणि उठून खिडकीजवळ गेली. बाबूभाईनं तिला पाणी दिलं, ते प्यायली. मी देत होतो, तो पेला बाकावर तसाच राहिला.

मला वाटलं होतं, ओरडेल. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं. माझ्याकडे चांगली उत्तरं तयार होती.

७ ऑगस्ट, बुधवार

किडनी रुळावर आली. सामान्य खोलीत आणलं. ठिगळाच्या कडेनं थोडंसं गळतं आहे अजून, पण तेवढं चालतं म्हणतात. आयुष्यभर औषध, मीठ कमी, जिना नको.

रिना माझ्याशी बोलते. म्हणजे "गोळी देली का" आणि "सरका" असं बोलते. आज नववा दिवस. मोजत नाही, पण आहे.

१४ ऑगस्ट, बुधवार. भद्रावती

घरी आलो. बाबूभाईनं व्हॅन इतकी हळू चालवली की वरोऱ्यात सायकलवाला पुढे निघून गेला. सुलतानाबाईंनी बिनमिठाची भाजी करून ठेवली होती. भाजीला चव नव्हती. मनकर्णानं सगळी खाल्ली, म्हणून मलाही खावी लागली.

विहारात झाडूजी पुन्हा वाचतात. मी समितीला निरोप पाठवला की त्यांनाच राहू द्या. लोकांना मी मोठ्या मनाचा वाटलो. गैरसमज दूर करायला गेलो नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

रिना परत निघाली, पूल उघडला आहे. पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहिली. म्हणाली, "बाबा, मले आता रोज फोन करा. रेंज नसली तरी करा." मी म्हटलं, "रेंज नसताना कसा लागेल?" ती म्हणाली, "न लागू द्या. करा."

यात काही अर्थ नाही. रोज संध्याकाळी सहाची वेळ ठरवली आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

दुपारी मनकर्णा अंगणात खुर्चीवर बसली होती. मी तांदूळ निवडत होतो. हे काम आता माझ्याकडे आलं आहे, आणि खड्डे नसलेल्या रस्त्यासारखा खडे नसलेला तांदूळही अजून कोणी पाहिलेला नाही.

मी म्हटलं, "तुला खरंच तारीख आठवत नव्हती का त्या दिवशी?"

"कोनत्या?"

"डॉक्टरीण बाईंनी विचारलं तेव्हा."

ती सुपाकडे पाहत म्हणाली, "आठवत कशी नाई. बुधवारी सांजच्याला सुरू झालं. भाकरी थापत होती मी तवा."

माझा हात थांबला. "बुधवारी? तू मला गुरुवारी सांगितलं."

"हो."

"एक दिवस थांबली कशाला?"

"तुमी काय म्हनान ते मले माहीत होतं ना." अगदी साधं बोलली, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. "म्हटलं, आजच्या दिवस सहन होते तं पाहू. दुसऱ्या दिवशी नाई झालं, मंग सांगतलं."

तिनं सूप माझ्या हातून ओढून घेतलं आणि निवडायला लागली. डॉक्टरांनी मना केलं आहे, हेही मला सुचलं नाही.

म्हणजे माझ्या वहीतली पक्की वेळ दुखण्याची नव्हती. माझ्यापर्यंत पोचण्याची होती.

२० ऑगस्ट, मंगळवार

काल काही लिहिलं नाही.

आज चहा झाल्यावर तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसलो. म्हटलं, "काय काय दुखते तुझं, सांग."

"काऊन? डाक्टरकडे जाचं हाय का?"

"नाही. असंच."

"काईच नाई दुखत."

मी बसून राहिलो. तिनं कप धुवायला उचलला, परत ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मी थट्टा करतो आहे की काय म्हणून. मग पदरानं हात पुसले आणि पायापासून सुरुवात केली. डाव्या अंगठ्याचं नख, तीन वर्षं. टाचेच्या भेगा. पोटरीत रात्री येणारा गोळा, तो रिनाच्या वेळेपासूनचा. उजवा गुडघा, तो विहाराच्या पायरीवरून पडली तेव्हाचा. ती पडली होती, हे मला माहीत नव्हतं. मी तिथेच होतो म्हणाली.

दोनदा माझ्या तोंडात औषधाचं नाव आलं. दोनदा गिळलं.

अर्धा तास झाला तेव्हा ती कमरेपर्यंत पोचली होती.